शिकारी पक्षी उडताना टिपायचे तर १५०-६०० लेन्स कशी? अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या नोव्हेंबरात मी १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली ती एकाच कामासाठी: उडते शिकारी पक्षी. फांदीवर बसलेल्या पक्ष्याला माझी जुनी ३०० मिमीची लेन्स पुरत होती. पण माळावर खालून सरकत येणारा भोवत्या (इंग्रजीतला हॅरियर) किंवा पाण्यावर सूर मारणारा कैकर (इंग्रजीतला ऑस्प्रे) तिच्यात ठिपक्याएवढा यायचा. कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा साधा डीएसएलआर आहे, पाच-सहा वर्षं जुना. लेन्स वापरलेली घेतली, ५२,००० रुपयांना.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ९५ मिमी फिल्टर लागणारी, दोन किलोच्या आसपास वजनाची, एफ ५ ते ६.३ छिद्राची (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) १५०-६०० एकाहून जास्त कंपन्या बनवतात आणि मी लिहितेय त्यातलं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडेल. माझ्याकडे आलेल्या एका नगावरून कुणी अख्ख्या कंपनीबद्दल मत बनवू नये.

पहिले तीन आठवडे मी कुठेही गेले नाही. घरामागे मुठेचं पात्र आहे, तिथे दिवसभर घारी घिरट्या घालतात. गच्चीत उभं राहून रोज अर्धा-पाऊण तास फक्त घारी. हे ज्याने ही लेन्स घेतली असेल त्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगते, कारण ६०० मिमीला दृश्य इतकं अरुंद असतं की डोळ्यांनी स्वच्छ दिसणारी घार कॅमेऱ्यात सापडतच नाही. मी करते ते असं: झूम २०० वर ठेवायचा, पक्षी मध्यभागी घ्यायचा, फोकस बसला की मग डाव्या हाताने झूम पुढे फिरवायचा. त्याआधी साधारण तितक्याच अंतरावरच्या झाडावर किंवा टाकीवर एकदा फोकस करून ठेवायचा, म्हणजे पक्षी आला तेव्हा लेन्स जवळून लांब असा अख्खा प्रवास करत बसत नाही. लेन्सच्या अंगावर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण आहे, ते १० मीटर ते अनंत या खुणेवर ठेवलं की निम्मं दुखणं कमी होतं. माझं बटण गेल्या अकरा महिन्यांत तिथून क्वचितच हललं असेल.

घारींनी आणखी एक गोष्ट शिकवली. घार उजळ आकाशासमोर असते तेव्हा कॅमेरा आकाशाचा उजेड मोजतो आणि ती काळीठिक्कर येते. तीच घार पुढच्या क्षणी वडाच्या झाडीसमोर आली की कॅमेरा उलटा वागतो आणि ती फटफटीत होते. घारीच्या अंगावर पडणारा उजेड मात्र दोन्ही वेळा तोच असतो. म्हणून मी आता सगळं हाताने ठरवते: सकाळी आठच्या उन्हात वाळक्या गवतावर मोजमाप घ्यायचं, शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, छिद्र एफ ७.१, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० च्या आसपास, आणि ऊन बदलेपर्यंत हात लावायचा नाही. ब्राह्मणी घारीला एवढं करूनही पुरत नाही. तिचं डोकं पांढरं, अंग विटकरी. डोक्याची पिसं दिसायची असतील तर उजेड थोडा कमीच घ्यावा लागतो. सावकाश तरंगणाऱ्या घारीला १/१२५० सुद्धा चालतं. शिक्रा झाडीतून सुटला की १/३२०० लाही पंखांची टोकं हललेली येतात.

सरावानंतर सासवडच्या पुढच्या माळरानावर गेले, डिसेंबरात, माँटेग्यूच्या भोवत्यासाठी. हा पक्षी गवतावरून कमरेएवढ्या उंचीवर सरकत येतो, पंख उथळ व्ही आकारात धरतो, मध्येच थबकतो आणि एकदम गवतात उतरतो. साडेसात ते नऊ या वेळात त्याने मला चार-पाच चांगल्या फेऱ्या दिल्या. मग साडेदहा-अकराला एक मादी जवळून गेली, सकाळच्यापेक्षा जवळून, आणि मी मन लावून तीसेक फोटो घेतले. घरी येऊन पाहिलं तर एकही धारदार नव्हता. डोळ्याच्या जागी डाग, पिसांच्या कडा वितळल्यासारख्या.

महिनाभर मी लेन्सलाच दोष देत होते. फोकस पुढे-मागे पडतोय का हे बघायला डॉक नावाचं एक छोटं यंत्र मिळतं, ते लेन्सला लावून संगणकावरून दुरुस्ती करता येते. ती केली. सहाशेला फोकस जरा मागे पडत होता, तो सुधारला आणि त्याचा उपयोग झालाही. पण अकरा वाजताचे फोटो तसेच. शेवटी एक दिवस माळावर एक दगड निवडला, साधारण ऐंशी पावलांवरचा, आणि तिपाईवरून त्याचे फोटो साडेसातला, नऊला, अकराला घेतले. साडेसातला दगडावरचं शेवाळ मोजता येत होतं. अकराला दगडाच्या कडा हलत होत्या. माळ तापला की जमिनीलगतची हवा उकळल्यासारखी होते, आणि ६०० मिमीची लेन्स ते उकळणंच मोठं करून दाखवते. त्यावर कुठल्याही किमतीच्या लेन्सकडे इलाज नाही. इलाज एकच: लवकर जाणं आणि जवळ असणं. ‘लेन्स सॉफ्ट आहे’, म्हणजे चित्र धारदार येत नाही, अशा तक्रारी मी आता वाचते तेव्हा पहिला प्रश्न हाच पडतो की फोटो किती वाजता घेतला होता.

आता लेन्सच्या खऱ्या उणिवा. सहाशेला छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे ६.३ ला, चित्र मऊ येतं. ८ ला बरंच सुधारतं, पण तेवढा उजेड सकाळी नसतो. माझ्या चांगल्या उडत्या फोटोंची मी नोंद ठेवते. त्यातले बहुतेक ४०० ते ५०० च्या दरम्यानचे आहेत. पाचशेला ही लेन्स मनापासून काम करते. म्हणून जो कुणी फक्त ६०० हा आकडा बघून ही घेणार असेल त्याला माझं सांगणं आहे की तिला ५०० ची समजून घ्या, वरचे शंभर अडीअडचणीला. संध्याकाळी सूर्य टेकला की फोकस भिरभिरायला लागतो, झाडीची पार्श्वभूमी असेल तर पक्षी सोडून झाडीच पकडतो. त्या वेळी मी कॅमेरा खाली ठेवते. थरथर थांबवणारी यंत्रणा हळू शटरला उत्तम आहे, पण उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवताना ती दृश्य मागे ओढते, म्हणून ती बंद.

भिगवणबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण ही लेन्स ज्यासाठी घेतली तो प्रसंग तिथलाच. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात कैकर येतो. जानेवारीत कुंभारगावच्या काठावरून पहाटे होडीत बसले. नाववाले काका तिथलेच, मासेमारी करणारे. बाभळीच्या बुडालेल्या खोडावर कैकर बसला होता, पाठमोरा. मी होडी पुढे न्यायला सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, “ताई, घाई करू नगा. त्यो वाऱ्याकडं तोंड करूनच उडंल बगा. आपुन वाऱ्याच्या अंगाला जाऊन थांबू.” त्यांनी वल्ह्याने होडी मोठा वळसा घालून फिरवली. वारा पूर्वेचा होता, सूर्यही पूर्वेला. दोन्ही आमच्या पाठीशी आले. म्हणजे पक्षी उडणार तो आमच्या दिशेने आणि तोंडावर ऊन घेऊन. हे गणित मला इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता मी कुठेही गेले की आधी चिमूटभर माती हातातून सोडून वारा बघते.

वीस मिनिटं काही झालं नाही. मग तो उठला, पाण्यावर गोल फिरला, एका जागी पंख मारत थांबला आणि खाली आला. आधी डोकं पुढे, आणि पाण्याला टेकता टेकता पाय पुढे फेकलेले. मी सूर मारायच्या सुरुवातीपासून बटण दाबून धरलं होतं. पाणी उसळलं, पक्षी जवळजवळ पूर्ण आत गेला, आणि नेमका तो पंख आपटत वर येतो त्या क्षणी कॅमेरा थांबला. आतली तात्पुरती मेमरी भरली होती. पुढचे तीन सेकंद मी नुसतं बघत होते: चोचीतून ओघळणारं पाणी, नख्यांत तळमळणारा मासा, वर चढताना त्याने अंग झटकलं तेव्हा उडालेला तुषारांचा गोल. थोडं वर गेल्यावर त्याने मासा नख्यांतच फिरवला आणि त्याचं डोकं पुढे केलं. कैकर मासा असाच नेतो, हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी झेप सोडून दिली. पक्षी पाण्यात जाईपर्यंत बोट फक्त फोकसवर, आणि वर यायला लागल्यावर चार-चार फोटोंचे छोटे झटके. ४६० मिमी, १/२५००, एफ ७.१. त्यातल्या एका फोटोत पिवळा डोळा थेट माझ्याकडे आहे आणि पंखांच्या खालची बाजू पाण्यावरून उसळलेल्या उजेडाने भरलेली आहे. पाण्यावर किंवा वाळक्या गवतावर उडणाऱ्या पक्ष्याच्या पोटाखाली सावली काळी पडत नाही, त्याचं कारण हा खालून येणारा उजेड. सिंहगडावर कल्याण दरवाज्याच्या बाजूला उभं राहिलं तर उलटं होतं: पक्षी नजरेखाली असतो, पाठ आणि पंखांची वरची बाजू दिसते, आणि मागे आकाशाऐवजी दरी. बोनेलीच्या गरुडाचा माझा सगळ्यात आवडता फोटो तिथला आहे, आणि तो अवघा ३८० मिमीचा.

भिगवणलाच एक गोष्ट खटकली ती लिहून टाकते. दुसऱ्या एका होडीतून ब्राह्मणी घारींना मासे फेकले जात होते, फोटो हमखास मिळावा म्हणून. घार खाली येते, फोटो मिळतो, हे खरं. पण तो प्रत्येक वेळी एकाच कोनातला असतो, आणि होडी दिसली की पक्षी शिकार सोडून तिच्यामागे यायला लागतात. आमच्या काकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनाही ते पटलेलं होतं. घरट्याचंही तेच. सहाशेची लेन्स हातात आहे म्हणून घरट्यासमोर तासभर उभं राहायचा परवाना मिळत नाही. आई परत यायला बिचकते आणि पिल्लं उन्हात तापतात.

वजनाबद्दल: कॅमेऱ्यासकट जवळजवळ तीन किलो. पट्टा कॅमेऱ्याच्या कड्यांना लावू नका, लेन्सखालच्या तिपाई जोडायच्या पायाला लावा, नाहीतर सगळा ताण माउंटवर, म्हणजे कॅमेरा-लेन्सच्या जोडावर येतो. पहिल्या महिन्यात उजवा खांदा धरला. मग डावा तळहात लेन्सच्या पुढच्या बाजूला, कोपर बरगड्यांना टेकवून, आणि पक्षी लांब असताना लेन्स खाली, अशी सवय लावली. आता अर्धा तास सहज जमतो. होडीत तिपाई निरुपयोगी आहे. मी मांडीवर वाळूऐवजी तांदूळ भरलेली छोटी पिशवी ठेवते.

सातव्या महिन्यात झूमची कडी सैल झाली. लेन्स खाली धरली की नळी आपल्या वजनाने बाहेर सरकते. कुलूप आहे, पण ते लावलं तर ऐनवेळी उघडायला वेळ जातो. नळी आत-बाहेर करताना माळावरची धूळ आत ओढली जाते. पुढच्या काचेमागे चार-पाच कण दिसतात, फोटोत मात्र दिसत नाहीत. दुरुस्तीला दिली तर पाच आठवडे लागले, आणि परत आली तेव्हा सहाशेचा फोकस पुन्हा माझा मलाच जुळवावा लागला. पावसाळ्यात जास्त जपावं लागतं. जुलैत ती हवाबंद डब्यात, आर्द्रता मोजणाऱ्या काट्यासह ठेवली होती. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास राहील असं बघितलं, आणि सिलिका जेल दर दहा दिवसांनी तापवून कोरडं केलं. एका ओळखीच्यांची लेन्स बॅगेतच राहिली, गणपतीपर्यंत तिच्यात बुरशीची जाळी धरली.

मिररलेस कॅमेरा असेल आणि पैसे असतील तर नळी बाहेर न येणारी २००-६०० घ्यावी. पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस उडत्या पक्ष्याला फार सोपा करतो, हे मी एका मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर दोन सकाळी अनुभवलंय. डीएसएलआर असेल आणि फक्त उडतेच पक्षी हवे असतील तर जुनी ४०० मिमीची एफ ५.६ प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स हलकी आणि चपळ पडते, पण पक्षी जवळ आला की मागे घ्यायला जागा नाही. मला दोन्ही हवं होतं, बजेट साठ हजारांच्या आत होतं, आणि आजही तीच लेन्स घेईन.

या रविवारी पहाटे पुन्हा सासवडच्या माळावर होते. पावसाने गवत अजून हिरवं आहे, भोवत्याच्या पोटाखाली उजेड कमी मिळाला. एकच मादी आली, नुकतीच पोहोचलेली असावी, उजव्या पंखाचं एक पीस गळालेलं. तिने दोन फेऱ्या मारल्या आणि बांधापलीकडे उतरली. ४२० मिमी, १/२०००, एफ ७.१, आयएसओ ११००. दुसऱ्या फेरीतला तिसरा फोटो मोठा करून बघितला, गळालेल्या पिसाच्या जागी नव्याचं टोक दिसतंय.