टिबेरियसच्या गळ्यावरचा काप

खोट्या रोमन नाण्यांपायी 2,30,000 रुपये गेले. 20,000 यूपीआयने, 2,10,000 रोख. आकडा लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

मी 22 वर्षं नाणी जमवतोय. सातवाहनांची शिशाची नाणी, शिवराई हाताखालून गेलीत. नवखा नव्हतो. लॉजवर भेटलेल्या एका माणसाने रोमन सम्राट टिबेरियसची दोन ऑरियस, म्हणजे सोन्याची नाणी, पुढे ठेवली. एका बाजूला माळ घातलेलं सम्राटाचं डोकं, दुसरीकडे आसनावर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी. तिला टिबेरियसची आई लिव्हिया मानतात. चेहऱ्यावरून गळ्यापर्यंत छिन्नीचा काप होता. तिथेच मी फसलो. 1898 मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई भागात 501 रोमन सोन्याची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर असाच काप आहे. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक असणार हे त्याला ठाऊक होतं.

भिंगाखाली दोन्ही शेजारी धरली. काप दोन्हीकडे कानामागून निघून हनुवटीखाली संपत होता, त्याच जागी, त्याच लांबीचा. मी बोललोसुद्धा! तो म्हणाला, "काका, एकाच हाताने मारलेत ना." आणि मी मान डोलावली. अरे, हाताने मारलेले घाव असे तंतोतंत जुळतात का? एकाच साच्यातून ओतलेली होती ती. लिव्हियाच्या आसनापाशी बारीक छिद्रं होती, ती मी झीज समजलो. रोमन नाणं ठोकून पाडलेलं असतं, त्यात हवेचे बुडबुडे कुठून येणार?

त्याच्या खिशातल्या काट्यावर प्रत्येक नाणं 7.7 ग्रॅम भरलं, हवं तेवढंच. घरी येऊन सराफाकडे गेलो, तर 4.1. तांब्यावर मुलामा. काटा आपला न्या. आणि लॉजवर व्यवहार करूच नका.

पोलिस ठाण्यात तीन खेपा झाल्या. आधी म्हणाले, लॉज आमच्या हद्दीत नाही. सायबरवाले म्हणाले, रोख रक्कम आमच्याकडे येत नाही, 20,000 पुरतीच तक्रार लिहा. तिसऱ्या खेपेला साहेबांनी मलाच विचारलं, "जमिनीतून निघालेलं म्हणून घेतलंत ना? गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, माहीत नाही?" गुप्तधन? तांब्याचं? पुरातत्त्वच्या कार्यालयात खोटेपणाचं पत्र मागायला गेलो, तर खासगी माणसाला तसं पत्र देत नाही म्हणाले. पोलिसांना मात्र तेच पत्र हवंय. पावती घ्यायला हवी होती, तीही नाही. त्याचा फोन त्या रात्रीपासून बंद आहे, आणि माझा अर्ज अजून "चौकशीवर" आहे.