थायलंडच्या जॉबसाठी गेलो आणि म्यानमारमधे विकला गेलो

गावात अजून लोक म्हणतात, अरे तू तर स्वतःच्या पायाने विमानात चढलास, मग तुला विकलं कसं काय? हे ऐकून ऐकून शेवटी लिहायला बसलोय. मला पण आधी मानवी तस्करी म्हणजे पोरी पळवून नेतात तेवढंच वाटायचं, शिकलेल्या 26 वर्षांच्या पोराला कोण नेतंय!

नोव्हेंबर 2024. एजंट आमच्या पाहुण्यांतलाच. बँकॉकला डेटा एंट्री, पगार 70 हजार, राहणं-जेवण कंपनीचं. इंटरव्ह्यू टेलिग्रामवर, त्यात फक्त टायपिंग स्पीड बघितला. त्याने दीड लाख मागितले, आईने पाटल्या गहाण टाकल्या. व्हिसाचं विचारलं तर म्हणे भारतीयांना 60 दिवस लागतच नाही, एअरपोर्टवर फिरायला चाललोय म्हणून सांग. 60 दिवसांचं खरं होतं, पण ते फिरणाऱ्यांसाठी, त्यावर नोकरी करता येत नाही. जो नोकरी देतोय तोच खोटं बोलायला सांगतोय, तिथंच मी थांबायला पाहिजे होतं.

ऑफिस शहरातच म्हणाले होते आणि गाडी सात-आठ तास चालूच. थायलंडच्या सीमेवरच्या माये सोत गावाजवळ अंधारात नदीकाठी उतरवलं, छोटी होडी, पाच मिनिटांत पलीकडे, पासपोर्टवर शिक्का नाही की काही नाही. पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. पासपोर्ट परमिटला लागतो म्हणून घेतला तो परत दिसलाच नाही.

काम काय, तर मुलीचा फोटो लावून परदेशातल्या माणसांशी गोड बोलायचं आणि क्रिप्टोत पैसे टाकायला लावायचे. एकाने मला त्याच्या लेकीच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो पाठवलेला, तो केक अजून डोळ्यासमोरून जात नाही. नाही म्हटलं की मार, टार्गेट चुकलं की दिवसभर उन्हात उभं. घरी जायचं म्हटलं तर, तुझे पैसे मोजलेत, 4 हजार डॉलर भर आणि जा. घरच्यांनी घाबरून त्याच एजंटला आणखी 80 हजार दिले आणि तो वेळ फुकट गेला, दूतावासाला मेल त्यानंतर केला. कुणाचं पोरगं अडकलं असेल तर मेल आधी करा.

मार्च 2025 मधे हवाई दलाच्या विमानांनी माये सोतहून दोन दिवसांत 549 भारतीय आणले, त्यात मी होतो.

तक्रार द्यायला गेलो तर चौकीत पण तेच, तू स्वतःच गेलास ना. मग एका वकील ताईंनी भारतीय न्याय संहितेचं कलम 143 काढून दाखवलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की शोषणासाठी फसवून नेलं तर तुम्ही हो म्हणाला होतात का नाही याने काही फरक पडत नाही, ती तस्करीच. ताईंनीच सांगितलं की परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटकडे सरकारी नोंदणी लागते आणि त्याला 30 हजार अधिक जीएसटी याच्यावर फी घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर नोंदणीवाल्या एजंटांची यादी आहे, दोन मिनिटांचं काम. मी आमच्या एजंटचं नाव तिथं शोधलं, पण परत आल्यावर. नव्हतंच.