हायब्रिड सायकल, नीरेचा डावा कालवा आणि एक स्टँड : आठ महिन्यांनंतर

“सर, स्टँड वॉरंटीत येत नाही. स्टँड ॲक्सेसरीत येतो.”

हे वाक्य मी गेल्या महिन्यात तीनदा ऐकलं. दोनदा फोनवर, एकदा दुकानात समोरासमोर. सायकल साडेएकतीस हजारांची, स्टँड 450 चा. स्टँड सायकलीबरोबर येत नाही हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं. मडगार्ड वेगळं, कॅरिअर वेगळं, घंटीसुद्धा वेगळी. आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलीला हे सगळं तर होतंच, वर चेनकव्हरही होतं.

24 गिअर, डिस्क ब्रेक, 38 मिमी रुंदीचे टायर वगैरे तुम्ही वाचलेलंच असेल, ते पुन्हा लिहीत नाही. दिवाळीत घेतली. आजवर साधारण 2100 किलोमीटर झाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरचे. सासुरवाडी नीरेजवळ आहे, त्यामुळे सायकल गाडीच्या मागे बांधून न्यायची, शनिवारी सकाळी तिथून निघायचं. मुक्कामाचा खर्च शून्य, वर धपाटे बांधून मिळतात.

ज्यांनी हा रस्ता केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1876-78 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी काढलेला हा पाट आज वीर धरणापासून बारामतीवरून इंदापूर तालुक्यात जातो, लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. उतार इतका कमी की पाणी जेमतेम चालतं, आणि तो राखायचा म्हणून पाट जमिनीची पातळी धरून वळत वळत जातो. गाडीरस्त्याने दहा मिनिटांवरचं गाव पाटाने अर्धा तास खातं. पण चढ नाही. पूर्वेकडे निघालात की उजव्या हाताला, पाट आणि नदी यांच्या मध्ये, नुसता ऊस. डाव्या हाताला, पाटाच्या वरच्या अंगाला, जिरायत माळ आणि मेंढरं. पाणी चढत नाही, एवढंच त्याचं कारण. शाळेत भूगोलाच्या तासाला हे कुणी असं दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे 24 गिअरपैकी मी वापरले तीन. पुढचा मधला, मागचे चौथा, पाचवा आणि कंटाळा आला की सहावा. बाकीच्या दात्यांवर अजून दुकानातली चकाकी आहे. विकणाऱ्याने “टूरिंगला गिअर पाहिजेतच सर” म्हणून मला वरचं मॉडेल गळ्यात मारलं, पाच हजार जास्त घेऊन. दिवे घाट चढून जाणार असाल तर घ्या बापडे. पाटावर खरा चढ वाऱ्याचा असतो. डिसेंबर-जानेवारीत वारा पूर्वेकडून येतो, आणि सोमेश्वरनगरकडून बारामतीकडे जाताना सपाट रस्त्यावरही मांड्या भरून येतात. जूनमध्ये तोच रस्ता पाठीवर वारा घेऊन केला, तर एक तास कमी लागला.

आता स्टँड. घरच्यांना वाटतं मी या विषयावर जरा जास्तच बोलतो. पण कालव्याच्या भरावावर सायकल उभी करायला काही म्हणजे काही नसतं, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली उसाची चारी. भिंत नाही, खांब नाही. झाड आहे ते वेड्या बाभळीचं, त्याला सायकल टेकवायची तर टायरची आशा सोडून. शहरात स्टँड नसला तरी चालतं. इथे दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या असलेली सायकल घेऊन तुम्ही लघवीलासुद्धा थांबू शकत नाही.

माझा स्टँड मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला पट्टीने आवळलेला. ॲल्युमिनियमचा, टोकाला दोन रुपयांच्या नाण्याएवढं रबर. डांबरावर उत्तम. पहिल्या महिन्यात मी मित्रांना फोटोही पाठवले होते. तेव्हाचं कौतुक मागे घेतो.

फेब्रुवारीत आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी, चालू होतं, पाट काठोकाठ. अशा वेळी भराव आतून ओला असतो, कारण हा कालवा बऱ्याच ठिकाणी मातीचा आहे आणि झिरपतो. त्या पाझरावर खालच्या विहिरी भरतात. म्हणून तर अस्तरीकरणाचं, म्हणजे पाट आतून सिमेंटने बांधायचं काम निघालं की शेतकरी आडवे येतात. त्यांचं बरोबरच आहे, पण त्या मऊ मुरमात माझा स्टँड काडी खुपसावी तसा रुतला. मी चार पावलांवर थर्मास उघडत होतो. सायकल सावकाश, अगदी विचार करत असल्यासारखी, पाण्याच्या बाजूला कलली. सायकल काठावर अडली, पण डावी पिशवी हुकातून सुटून पाण्यात.

पिशवी बुडाली नाही. कारण मी तिच्यासाठी बाराशे रुपयांचं रेनकव्हर घेतलेलं नाही. मेव्हण्याकडून युरियाच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक आणून त्यात कपडे बांधतो. आत हवा राहिली आणि पिशवी बदकासारखी बारामतीच्या दिशेने निघाली. मी काठाने पळतोय. पुढच्या पायऱ्यांवर बायका गोधड्या धूत होत्या. त्यातल्या एका मावशींनी धोपटण्याने पिशवी काठाला ओढली आणि म्हणाल्या, “सायकल भिंतीला टेकवायची की भाऊ!”

कुठली भिंत, मावशी?

त्या पडण्यात पट्टीचा नट घसरला. तेव्हापासून स्टँड कितीही आवळला तरी आठवड्यात सैल, आणि मे महिन्यात पट्टीच तुटली. नळीवरचा रंग गेला तो वेगळाच. दुकानदाराचं म्हणणं, सरांनी ओव्हरलोड केलं. मी विचारलं, मग कॅरिअर तुम्हीच 25 किलोचा म्हणून विकलात, त्यावर काय ठेवायचं होतं, फुलं? तर ती वर लिहिलेली ओळ ऐकवली. कंपनीला मेल केला, त्यांनी पावतीचा फोटो मागवला, मग स्टँड बसवतानाचा फोटो मागवला. स्टँड बसवताना कोण फोटो काढतं?

शेवटी तोडगा निघाला इंदापूर तालुक्यात. जंक्शनच्या पुढे (गावाचं नावच जंक्शन) एका टपरीवजा दुकानात. मी म्हटलं, याच स्टँडला खाली पत्रा वेल्ड करा. त्याने स्टँड हातात घेऊन तोलला आणि परत दिला. “हे ॲल्युमिनियम हाय, आपलं वेल्डिंग धरत न्हाई. तुम्हाला लोखंडी टाकतो.” पोरांच्या जुन्या रेंजर सायकलीचा लोखंडी स्टँड काढला, माझ्या सायकलीच्या उंचीला कापला, खाली तळहाताएवढा चौकोनी पत्रा जोडला. नळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मग पट्टी आवळली, म्हणजे रंग जाणार नाही आणि पट्टी फिरणारही नाही. हे 450 वाल्याला सुचलं नव्हतं. बिल 220 रुपये, चहा त्याचा. तिथून पुढे वालचंदनगरवरून थेट नीरा नरसिंहपूरपर्यंत गेलो, जिथे नीरा भीमेला मिळते. काळ्या मातीत, मुरमात, उसाच्या पाचटावर, सगळीकडे थांबून पाहिलं. गरज नसताना थांबलो, खरं सांगायचं तर.

मडगार्डबद्दलही मत बदललंय. हिवाळ्यात मी सगळ्यांना सांगत होतो की पूर्ण लांबीचं मडगार्ड घ्या. जूनच्या पहिल्या पावसात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरली की चाक फिरेना. दर शंभर फुटांवर काडीने उकरत दीड किलोमीटर सायकल ढकलली. आता पावसाळ्यात मागचं काढून ठेवतो आणि पाठीवर नक्षी घेऊन घरी येतो.

पंक्चर 11. नऊ बाभळीचे काटे आणि सराटे, एक खिळा, एक माझाच पान्याने ट्यूब चिमटून केलेला. टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी कापून घातल्यापासून दोनच. सीट ठीक. ब्रेक ठीक, पाटावर ते लागतातच कुठे.

आणि रस्त्याविषयी. पाटाचा रस्ता म्हणजे वाहनं नाहीत, असं मी आधी म्हणायचो. कारखाने चालू असताना उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, गाणी फुल आवाजात, काही तुकड्यांत पाटावरूनच येतात आणि तुम्ही भरावाच्या कडेला, पिशव्या पोटाशी धरून. मध्येमध्ये पाटबंधारे खात्याचे लोखंडी आडवे दांडे आहेत, सायकल उचलून पलीकडे न्यावी लागते. काही ठिकाणी वाट संपतेच आणि गावात उतरावं लागतं. आवर्तन बंद असेल तर पाट म्हणजे चिखल, बाटल्या आणि कुत्री. म्हणून जायचं तर पाणी सुटल्यावर जा. पाटकऱ्याला (पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाला) किंवा मेव्हण्याला आधी फोन करा. माझा मेव्हणा आता फोन उचलल्या उचलल्या विचारतो, “दाजी, स्टँड कसाय?”

स्टँड उत्तम आहे. फक्त तो पत्रा वर दुमडल्यावर डाव्या टाचेला लागतो, दर पायडलला टक् असा आवाज येतो, आणि सँडलची कड दीड महिन्यात झिजली. सँडल 899 चे होते. तेही ॲक्सेसरीतच येत असणार.