वामकुक्षी की दुपारची गाढ झोप?

रविवारी जेवणं झाली की आई सतरंजीवर डाव्या कुशीवर लवंडते आणि वीस मिनिटांत उठून चहाचं आधण ठेवते. मी मात्र पडदे ओढून दोन तास ताणून द्यायचो.

आई उठते ती टवटवीत. एवढ्या वेळात झोप हलकीच असते, त्यामुळे जाग सहज येते. अर्ध्या तासापुढे गेलं की बहुधा गाढ झोप लागते, तिच्यातून मध्येच उठलं की डोकं जड, तोंड कोरडं, आणि कुणी नुसतं "चहा घेतोस?" विचारलं तरी राग येतो. मी आईवर असा खेकसलोय, त्याचं अजून वाईट वाटतं. शिवाय दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठतं, म्हणून रात्री झोप येते. ते दुपारीच उतरलं की रात्री बारापर्यंत टक्क जागा, आणि सोमवारी सकाळपासून चिडचिड.

रात्रपाळीवाल्यांचं वेगळं. त्यांना दिवसा सलग सात-आठ तास झोप हवीच, कुणी त्यांना आळशी म्हणू नये. जागरण झालं असेल तर दीड तास, म्हणजे झोपेचं साधारण एक चक्र, बरं पडतं. एरवी मी आता आईशेजारीच आडवा होतो, तीनच्या आत, गजर लावून.