मानसशास्त्रात बीए: जिल्ह्याच्या कॉलेजात की पुण्यात?

माझं मत आधीच सांगतो: बीएसाठी जिल्ह्याचं कॉलेज पुरतं, फक्त तिथे मानसशास्त्र 'मेजर', म्हणजे मुख्य विषय म्हणून शेवटपर्यंत असलं पाहिजे. ही अट क्षुल्लक नाही. प्रॉस्पेक्टसमध्ये विषयाचं नाव असतं, पण बरेचदा तो मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणूनच मिळतो आणि पदवी निघते समाजशास्त्राची. मग मानसशास्त्राच्या एमएचा प्रवेश अडू शकतो. शिवाय चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाची सोय आहे का, हेही विचारून घ्या. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि मार्गदर्शकही लागतात. ते लहान कॉलेजात असतीलच असं नाही.

पुण्याचं पारडं जड होतं ते प्रयोगशाळेत. आरसालेखन, म्यूलर-लायर भ्रम, स्मरणविस्तार अशा प्रयोगांची उपकरणं, चाचण्यांचे संच आणि ते वापरून दाखवणारे प्राध्यापक जुन्या कॉलेजांत एका छताखाली सापडतात. गावाकडे कपाट असतं, किल्ली कोणाकडे ते शोधावं लागतं. मेजर असूनही प्रात्यक्षिकं नुसती जर्नलमध्ये उतरवून होत असतील, तर तिथे प्रवेश घेऊ नका. शिकवणारे तासिका तत्त्वावरचे आहेत का, तेही पाहा. त्यांच्यात उत्तम माणसं असतात, पण नेमणुका उशिरा होतात आणि सत्राचे पहिले आठवडे रिकामे जातात.

उलट प्रयोगशाळा चालू असेल, तर मेजरच्या वर्गातली मोजकी मुलं हा फायदाच आहे. प्रत्येकाला चाचणी स्वतः घ्यायला मिळते. रत्नागिरीची गोष्ट तर आणखी वेगळी. ठाणे, येरवडा आणि नागपूरसोबत राज्यातलं चौथं प्रादेशिक मनोरुग्णालय तिथेच आहे, त्यामुळे क्षेत्रभेटीसाठी गाव सोडावं लागत नाही. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग पाहता येतो.

भाषेचा मुद्दा दोन्हीकडून चावतो. गावाकडे पेपर मराठीत लिहिता येतो, पण एमएची पुस्तकं इंग्रजीत असतात आणि तिथे मुलं धडपडतात. पहिल्याच वर्षापासून प्रत्येक प्रकरण इंग्रजीतही वाचलं तर हा फरक बराच भरून निघतो. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अडचण वेगळी: 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात विचारांचं चक्र' असं सांगणाऱ्या बाईंशी मराठीत बोलायची वेळ आली की त्यांची गाडी अडते. त्यावर उपाय पुस्तकात नाही.

पैशांचं थोडक्यात. अनुदानित बीएची फी दोन्हीकडे झेपण्यासारखी असते. खर्च होतो तो खोलीवर आणि मेसवर. तो पैसा मी एमएसाठी राखून ठेवीन, कारण नुसत्या बीएवर कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी पुढचं मान्यताप्राप्त शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. पुण्याला आत्ताच जावं ते दोघांनी: ज्यांच्या जिल्ह्यात मेजर किंवा चालू प्रयोगशाळा नाही त्यांनी, आणि घरच्या कामांतून ज्यांना अभ्यासाला वेळच मिळत नाही त्यांनी.

'घरबसल्या दूरशिक्षणातून करू' हा तिसरा पर्याय अजूनही कोणीतरी सुचवतंच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. जुन्या जाहिराती पाहून पैसे भरू नका.