वॉटर फ्लॉसर घेताय? मग आधी तो धुवायचा कसा ते बघा

वॉटर फ्लॉसर म्हणजे दातांच्या फटीत पाण्याची बारीक धार मारणारं यंत्र. ते विकणारा आपल्याला दाब सांगतो, मिनिटाला किती ठोके पडतात ते सांगतो, सोबत किती नोझल मिळतात ते सांगतो. टाकीच्या कोपऱ्यात धरणारा बुळबुळीत थर आणि नोझलच्या तोंडाशी अडकणारा क्षाराचा कण, यांबद्दल कुणी बोलत नाही. आणि यंत्र कपाटात जाऊन पडतं ते बहुतेक वेळा याच दोन कारणांनी. हिरडीच्या कडेत पाणी मारणारं यंत्र आतून घाण असेल तर ते न वापरलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून काउंटरटॉप (ओट्यावर ठेवून प्लगवर चालणारा), कॉर्डलेस (हातात धरायचा, बॅटरीवरचा) आणि थेट नळाला जोडायचा या तिन्ही प्रकारांची तुलना मी एकाच बाजूने करतोय: तुमच्या घरात, तुमच्या पाण्यावर यांतला कोणता स्वच्छ राहील?

यंत्राचं पोट आधी समजून घेऊ. १९६२ साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स इथे जेराल्ड मोयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंग्ली हे जलयंत्रणेचे अभियंते, या दोघांनी घरी वापरायचं असं यंत्र तयार केलं. आजही आतली रचना तशीच साधी असते. छोटी मोटर एक पिस्टन पुढे-मागे हलवते, पिस्टन टाकीतलं पाणी ओढतो आणि ठोक्याठोक्याने नोझलमधून बाहेर फेकतो. पाणी उलट जाऊ नये म्हणून रबराच्या बारीक झडपा असतात. यंत्र बंद केलं की पिस्टनच्या घरात, झडपांच्या मागे आणि नळीत थोडं पाणी उरतंच. सगळी देखभाल या उरलेल्या पाण्याची आहे.

तुमच्याकडे क्षार की बुळबुळ?

खरेदीआधी स्वयंपाकघरातला नळ बघा. नळाच्या तोंडाला पांढरा खरखरीत थर धरतो का? बादलीच्या आत पांढरी रेघ उमटते का? तर तुमचं पाणी जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मराठवाडा-विदर्भात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांना ही २०० ची रेघ ओलांडणं नवं नाही. मुंबईला मात्र भातसा, वैतरणा, तानसा असं धरणा-तलावांचं पाणी येतं. ते मऊ असतं.

समजा तुमच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि रोज यंत्रात १० मिली पाणी उरून वाळतंय. म्हणजे रोज ४ मिलिग्रॅम क्षार आत राहिला. वर्षाचा हिशेब जवळपास दीड ग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो, पण नोझलचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं आणि झडपेच्या रबराखाली एक खडा अडकला तरी दाब पडतो.

बुळबुळीचं गणित उलटं आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात जुलै महिन्यात न्हाणीघर दिवसभर वाळत नाही. झाकण लावून ठेवलेली टाकी तर नाहीच नाही. टाकीच्या कडेला गुलाबीसर थर, रबरी रिंगखाली काळे ठिपके, पहिल्या पिचकारीला कुबट वास, ही जिवाणू आणि बुरशीने घर केल्याची लक्षणं. इथे बऱ्याच जणांची एक समजूत मोडावी लागते. आरओचं पाणी वापरलं की काळजी मिटली, असं ते धरून चालतात. आरओमुळे क्षार कमी होतो हे खरं. पण त्याच फिल्टरमधला कार्बन पाण्यातला क्लोरिनही काढून घेतो. मग आत उरलेल्या पाण्यात जिवाणूंना अडवणारं काहीच राहत नाही. म्हणून आरओवाल्या घराने टाकी वाळवायची शिस्त जास्त कडक ठेवायला हवी.

काउंटरटॉप आणि कॉर्डलेस, शेजारी ठेवून

काउंटरटॉपची टाकी साधारण ६०० मिलीची असते आणि एका भरण्यात तोंड पूर्ण होतं. कॉर्डलेसची १५० ते ३०० मिली. मध्येच पुन्हा भरावी लागते. धुण्याच्या दृष्टीने मोठी टाकी हा मोठाच फायदा आहे. हात आत जातो, कोपरे दिसतात, भांड्यासारखी घासून उलटी ठेवता येते. तळाला एक रबरी झडप असते. बऱ्याच मॉडेलांत ती बोटाने दाबून काढता येते आणि तिच्या मागेच सगळ्यात जास्त घाण सापडते. आठवड्यातून एकदा ती काढून चोळून धुवा.

कॉर्डलेसमध्ये दोन जाती आहेत आणि हा फरक खोक्यावर ठळक लिहिलेला नसतो. काहींची टाकी पूर्ण सुटी होते. काहींना मात्र बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून पाणी भरायचं. खिडकीवाला घेऊ नका. तिथून बाटलीचा ब्रशही नीट फिरत नाही आणि आत बघायचं तर टॉर्च लागतो. टाकी सुटी होणाऱ्यातही पाणी ओढणारी बारीक नळी बाहेर निघते का, ते बघून घ्या.

आता काउंटरटॉपची कमजोर बाजू, म्हणजे त्याची लांब गुंडाळीची नळी. ती आतून घासता येत नाही, उघडता येत नाही. बारीक नळीत भिंतीला लागून पाणी जवळजवळ स्थिर असतं आणि जिवाणूंचा थर तिथेच बसतो. दंतवैद्यांच्या खुर्चीतल्या नळ्यांचा हा जुना प्रश्न आहे. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, त्या पाण्यासाठी मिलीलिटरला ५०० जिवाणू-वसाहतींची मर्यादा घातली आहे. इटलीत २०११ साली अशाच नळीतल्या लिजिओनेला या जिवाणूमुळे एका ८२ वर्षांच्या बाईंचा मृत्यू झाला होता. घरच्या फ्लॉसरवर ती गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही, घाबरायचंही कारण नाही. पण दिसत नाही म्हणजे नळी स्वच्छ आहे, असं धरू नये.

कॉर्डलेसला ही लांब नळी नसतेच. टाकी रिकामी करून पाच-दहा सेकंद नुसता चालवला की आतलं बहुतेक पाणी बाहेर पडतं. दमट हवेत याचा फार उपयोग होतो. काउंटरटॉपलाही हेच करायचं, फक्त हँडल बेसिनमध्ये खाली धरून, म्हणजे नळीतलं पाणी उतरेल. कोरडा पंप जास्त वेळ फिरवू नका. पिस्टनचं सील पाण्यावरच चालतं.

कॉर्डलेसची कमजोर बाजू चार्जिंगच्या तोंडाशी आहे. आयपीएक्स ७ असं लिहिलेलं यंत्र १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकावं अशी चाचणी असते, पण रबरी झाकण नीट बसलेलं असेल तरच. ते सैल पडलं किंवा त्यात क्षार धरला की ओल आत जाते. चार्जिंगला लावण्याआधी ते तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं आणि चार्जिंग न्हाणीघराबाहेर करायचं.

व्हिनेगरचा हात

दोन्ही यंत्रांना औषध एकच. अर्धा लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे पांढरा व्हिनेगर. निम्मं पाणी बेसिनमध्ये सोडा, यंत्र बंद करून वीस मिनिटं तसंच ठेवा, मग उरलेलं सोडा. शेवटी टाकीभर साधं पाणी. नोझल वेगळं काढून व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवा. कॉर्डलेसला याच प्रमाणात कमी. मऊ पाण्याच्या घरी दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं. बोअरच्या पाण्याला महिन्यातून एकदा, नळाला थर लवकर धरत असेल तर पंधरा दिवसांनी. उकळतं पाणी कधीही नको, प्लॅस्टिक वाकतं आणि सील सैल होतं.

व्हिनेगर क्षार विरघळवतो. बुळबुळीवर त्याचा भरवसा धरू नका, तिला घासणं आणि वाळवणं हाच उपाय. ब्लीच वापरायचा मोह होतो. तो मुळात या यंत्रासाठी नाही, आणि व्हिनेगरसोबत आला तर विषारी क्लोरिन वायू सुटतो.

आपल्याकडे दातांसाठी मीठ, तुरटी, हळद, लवंगेचं तेल हे सगळं घरात असतंच. गुळण्यांना जरूर वापरा. फ्लॉसरच्या टाकीत घालू नका. मीठ आणि तुरटी वाळून आत बसतात, हळद पाण्यात विरघळत नाही, तेल रबराला चिकटून ते खराब करतं. पातळ केलेला माउथवॉश काही कंपन्या चालवून घेतात. तो वापरलात तर नंतर साधं पाणी सोडायला विसरू नका.

पाण्याच्या खर्चाकडेही बघायला हवं, विशेषतः टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी. चौघांनी काउंटरटॉप वापरला तर रोज जवळपास अडीच लिटर पिण्याचं पाणी लागतं. कॉर्डलेसमध्ये लिटर-सव्वा लिटरमध्ये भागतं. आणि पाणी पिण्याचंच हवं. जे पाणी आपण पेल्यात घेणार नाही ते हिरडीतही नको.

नळाला जोडायचा

हा प्रकार स्वस्त, मोटर नाही, टाकी नाही, त्यामुळे धुवायलाही फारसं काही नाही. जाळी काढून धुतली आणि नळी लटकवून वाळवली की झालं. तरीही आपल्याकडच्या बहुतेक घरांना मी तो सुचवणार नाही. पाण्याच्या उंचीच्या दर १० मीटरला साधारण १ बार, म्हणजे १४ पीएसआय दाब मिळतो. गच्चीवरची टाकी तुमच्या नळाच्या दोन-तीन मीटरच वर असेल, म्हणजे तुम्ही शेवटच्या मजल्यावर राहत असाल, तर हातात तीन-चार पीएसआय येतात. काउंटरटॉपची सगळ्यात हळू पायरीच १० च्या आसपास असते. शिवाय गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट हिरडीत जातं, ते निवडायची सोय नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, टाकी नियमित साफ होणाऱ्या सोसायटीतल्या माणसाने विचार करावा. त्यांनीही आपल्या नळाच्या फोम फ्लोचे, म्हणजे नळाच्या तोंडाला लावलेल्या जाळीच्या टोपीचे, आटे जोडणीला जुळतात का, हे आधी तपासावं.

वीज, सुटे भाग आणि अमेरिकेहून आलेली भेट

काउंटरटॉपची काही मॉडेलं अशी असतात की नळी-हँडल, टाकी, झडप सुटी विकत मिळते. असं मॉडेल बरीच वर्षं चालवता येतं. कॉर्डलेस बंद डब्यासारखा असतो. बॅटरी थकली की यंत्र संपलं, आणि ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायचं. नोझल मात्र दोन्हींचं बदलावं लागतं: साधं सहा महिन्यांनी, ब्रशसारखे केस असलेलं किंवा मऊ रबरी टोकाचं तीन महिन्यांनी. घेताना तेच नोझल वर्षभराने मिळेल का, हे विचारून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचं नोझल वेगळं.

परदेशातल्या भावाने किंवा मुलीने आणलेला काउंटरटॉप थेट आपल्या सॉकेटला लावू नका. तिकडचे बरेच १२० व्होल्टचे असतात, आपल्याकडे २३० येतात. कॉर्डलेसच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर तो चालतो.

हृदयाची झडप बदललेल्या, केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसासाठी घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासाठी यंत्राची स्वच्छता सोयीची गोष्ट राहत नाही.

मग निवड कशी करायची? बोअरचं जड पाणी, घरात दोघं-तिघं वापरणारी, न्हाणीघरात प्लग असेल, तर काउंटरटॉप घ्या. पाणी खेळायला वाट मोकळी, टाकी घासायला सोपी, व्हिनेगर सगळीकडे पोचतो. किनारपट्टीची दमट हवा, धरणाचं मऊ पाणी, वापरणारा एकटा किंवा फिरतीवर असणारा, तर टाकी पूर्ण निघणारा कॉर्डलेस. धुऊन तो न्हाणीघराबाहेर, पंख्याखाली उघडा ठेवता येतो. दोन्ही अडचणी एकत्र असतील, म्हणजे जड पाणी आणि कोंदट न्हाणीघर, तर मी काउंटरटॉपच घेईन, पण ठेवीन स्वयंपाकघराच्या सिंकजवळ. आणि रोज टाकी उपसून वाळवणं होणारच नाही असं मनाला माहीत असेल, तर दातांच्या फटीत फिरवायचे छोटे इंटरडेंटल ब्रश घ्या. वापरून धुतले की संपलं, आणि बऱ्याच फटींत ते उत्तम काम करतात.

यंत्र घरी आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. टाकी भरा, संपेपर्यंत चालवा, टाकी उपसा, पाच-दहा सेकंद कोरडं चालवा. मग यंत्र आणि नळी ताटावर तिरकी धरून हलवा आणि किती पाणी निघतं ते चमच्याने मोजा. चमचाभर निघालं तर ठीक. दोन-तीन मोठे चमचे निघत असतील तर ते रोज आत राहणार आहे. दुसरं मॉडेल मागवा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचं तोंड नाकाशी धरून वास घ्या आणि चार्जिंगचं झाकण उघडून आत ओल आहे का ते टिश्यूने टिपून बघा. टिश्यू ओला झाला तर त्याच दिवशी परत पाठवा.