पाय-होल: दीड वर्ष घरभर चालवल्यानंतर

पहिल्या चार महिन्यांत आमचं पाय-होल, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांवरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, दोनदा बंद पडलं आणि दोन्ही वेळा मी बाहेरगावी होते. सासऱ्यांचा फोन, "अगं, वायफाय दिसतंय, पण काहीच उघडत नाहीये." ते ज्या छोट्या संगणकावर चालतं, त्या रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड गेलं होतं. राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा) म्हणून त्याचा एकच पत्ता दिलेला, त्यामुळे ते गप्प झाल्यावर घरात कुणालाच कुठल्या साइटचा पत्ता मिळेना.

काम मात्र ते चोख करतं. फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळे साइटचा पत्ता आधी त्याला विचारतात. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जाहिरातींच्या यादीतलं असेल तर ०.०.०.० असा कुठेच न नेणारा पत्ता मिळतो आणि जाहिरात मागवलीच जात नाही. सासऱ्यांच्या शब्दकोड्याच्या ॲपमधल्या जाहिराती त्याच दिवशी थांबल्या. तिथे ब्राउझरसारखं जाहिराती अडवणारं कुठलं एक्स्टेन्शन टाकणार होते मी?

बंद पडू नये म्हणून आधी मी चुकीचा उपाय केला. दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकला. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारतात, असा माझा समज होता. तसं नसतं. यंत्रं दोघांपैकी कुणालाही विचारतात, त्यामुळे जाहिराती मधूनमधून परत दिसायला लागल्या. मग जुन्या लॅपटॉपवर दुसरं पाय-होल बसवलं, दोन्हींना कायमचे पत्ते दिले आणि राउटरमध्ये फक्त तेच दोन ठेवले. याद्या दोन्हीकडे सारख्या राहाव्यात म्हणून नेब्युला-सिंक लावलं. नंतर एका रात्री मुद्दाम पहिल्याची वायर काढली. सकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागला नाही! फार ताकदीचं यंत्र लागत नाही, ५१२ एमबी रॅम पुरते.

माझ्या दोन संध्याकाळी खाल्ल्या त्या आयपीव्ही६ने, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीने. राउटर त्यावरून दुसराच डीएनएस वाटत होता आणि पाय-होलच्या नोंदींमध्ये अर्धे फोन दिसतच नव्हते. टीव्हीमध्ये तर डीएनएस आतच पक्का बसवलेला निघाला. त्यासाठी राउटरवर पोर्ट ५३ची, म्हणजे डीएनएसची विचारणा जिथून होते ती, बाहेर जाणारी वाट पाय-होलकडे वळवली. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल तर तेही बंद करा.

यूट्यूबच्या जाहिराती यानं जात नाहीत. त्या व्हिडिओच्याच डोमेनवरून येतात, त्या अडवल्या तर व्हिडिओही अडतो. तेवढ्यासाठी कुणी हे बसवणार असेल तर बसवू नका.

याद्यांची हाव धरू नका. मी सुरुवातीला अकरा टाकल्या आणि नवऱ्याच्या पार्सलच्या लिंका उघडेनाशा झाल्या. आता पाय-होलसोबतच येणारी स्टीव्हन ब्लॅकची यादी आणि आणखी एक, एवढंच. काही अडलंच तर पाच मिनिटं ब्लॉकिंग थांबवायचं बटण कुठे आहे ते सासऱ्यांना दाखवून ठेवलंय. गेल्या महिन्यात त्यांनी ते एकदाच वापरलं, वीजबिल भरताना, आणि मला फोन करावा लागला नाही.